शोधांचा तक्ता आणि त्यात न मावणारे शोध

शाळेच्या प्रयोगशाळेत अणुरचनेच्या तक्त्याशेजारी बहुधा आणखी एक तक्ता टांगलेला असतो : ‘शोध आणि शोधक’. डावीकडे वस्तू, मध्ये नाव, उजवीकडे साल. प्रश्नमंजूषेच्या पुस्तकांतही हीच यादी पुन्हा पुन्हा भेटते. सांगवीत शिकवताना आम्हीही हा तक्ता वर्षानुवर्षे पाठ करून घेतला. त्याच्याविषयीची आमची तक्रार येथे मांडायची आहे. तक्त्यातील साले बहुतेक बरोबर असतात, तेव्हा तक्रार सालांविषयी नाही. शोध म्हणजे काय याची जी कल्पना हा तक्ता मुलांच्या मनात रुजवतो, ती आम्हाला खटकते.

दोन ओळी तपासून पाहू. पहिली ओळ अशी : ‘तेलविहिरीचा ड्रिल-बिट – हॉवर्ड ह्यूज (थोरले) – १९०९’.

त्याआधी विहीर खोदायला माशाच्या शेपटीच्या आकाराचे पाते वापरत. ते मऊ मातीत भराभर उतरे. कठीण खडक लागला की बोथट होई. ह्यूज यांनी पात्याऐवजी दातेरी शंकूंची जोडी बसवली. वरचा नळ फिरला की शंकू खडकावर लोळतात आणि दात खडकाला खरवडण्याऐवजी चिरडतात. नोव्हेंबर १९०८ मध्ये केलेल्या अर्जावर १० ऑगस्ट १९०९ रोजी पेटंट मिळाले. येथे तक्ता थांबतो.

पण एखाद्या चौकस मुलाने विचारले, की चिरडलेल्या खडकाचा चुरा जातो कुठे, तर? चुरा तळाशीच राहिला तर शंकू तोच चुरा दळत बसतील. उत्तर चिखलात आहे. पोकळ नळातून पातळ चिखल खाली दाबतात. तो बिटपाशी बाहेर पडतो आणि नळाभोवतालच्या जागेतून चुरा घेऊन वर येतो. टेक्ससमधील स्पिंडलटॉपची प्रसिद्ध विहीर १९०१ मध्ये लागली, तेव्हाच ही युक्ती वापरात होती. ती नसती तर ह्यूज यांचे शंकू निरुपयोगी ठरले असते. पुढे १९३३ मध्ये त्यांच्याच कंपनीतील अभियंत्यांनी तीन शंकूंचा बिट तयार केला. स्वतः ह्यूज १९२४ मध्येच वारले होते.

दातांची गोष्ट तर आमच्या दारापर्यंत येते. पोलादी दात कठीण खडकात झिजत, म्हणून १९५१ पासून शंकूंमध्ये टंगस्टन कार्बाइडचे खुंट बसवू लागले. हे कार्बाइड तेलासाठी जन्मलेच नव्हते. विजेच्या दिव्यातील टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याच्या साच्या लागत आणि त्या फार महाग पडत. त्यांना पर्याय शोधताना १९२०च्या दशकात जर्मनीत ओसराम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टच्या साहाय्याने बांधली. दिव्यासाठी तयार झालेला पदार्थ आधी लेथवर गेला आणि मग विहिरीच्या तळाशी. सांगवीहून पवना ओलांडली की दापोडी. तेथे सँडविक ह्या स्वीडिश कंपनीने कार्बाइडच्या हत्यारांचा कारखाना काढला. भोसरी-चाकणच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये ‘इन्सर्ट’ म्हणा, टर्नर तेच कार्बाइड काढून हातावर ठेवील.

दुसरी ओळ : ‘इंटिग्रेटेड सर्किट – जॅक किल्बी – १९५८’.

किल्बी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये नवे होते. उन्हाळ्यात सगळे रजेवर गेले. यांची रजा साठलेली नव्हती. रोध आणि धारित्र हेही अर्धवाहकाचेच का करू नयेत, असा विचार त्यांनी त्या दिवसांत केला. १२ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांनी जर्मेनियमच्या एका तुकड्यावर चालणारे मंडल दाखवले. मात्र त्याचे भाग बारीक तारांनी हाताने जोडलेले होते. असे लाखो तुकडे कोण जोडणार? १९५९ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत जाँ होर्नी यांनी सिलिकनवरचा ऑक्साइडचा थर संरक्षक कवच म्हणून तसाच ठेवण्याची पद्धत बसवली. रॉबर्ट नॉइस यांनी त्या थरावर धातूच्या रेषा काढून जोडणी करण्याचे सुचवले. आजची चिप ह्या वाटेने आली. तिला लागणारा एकसंध स्फटिक वितळलेल्या सिलिकनमधून हळूहळू वर ओढतात. ती रीत पोलिश शास्त्रज्ञ यान चोख्राल्स्की यांनी १९१६ मध्ये धातूंच्या स्फटिकीभवनाचा वेग मोजताना शोधली. त्यांच्या मनात तेव्हा चिप असणे शक्यच नव्हते. किल्बींना २००० साली नोबेल मिळाले. नॉइस १९९० मध्येच निवर्तले होते आणि नोबेल मरणोत्तर दिले जात नाही. तक्त्यात एकच नाव राहण्यामागे असेही एक कारण असते.

तक्त्यात ह्या दोन ओळींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. प्रत्यक्षात टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा जन्मच तेलातून झाला. १९३० मध्ये ती ‘जिओफिजिकल सर्व्हिस’ नावाने सुरू झाली. जमिनीत सुरुंग उडवायचे, खालच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपायचे आणि तेलाची जागा ताडायची, हा तिचा धंदा होता. ते क्षीण प्रतिध्वनी टिपणाऱ्या उपकरणांतूनच कंपनी इलेक्ट्रॉनिक्सकडे वळली. आपले मुंबई हायही असेच सापडले. ‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये तेल लावले हे सर्वांना पाठ असते, पण ती जागा दाखवणारे भूकंपीय सर्वेक्षण भारतीय आणि सोव्हिएत तज्ज्ञांनी १९६०च्या दशकातच केले होते.

वर्गात करून पाहण्याजोगे एक गणित येथे आहे. खोली वाढते तसे दर किलोमीटरला तापमान सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. पृष्ठभागावर ३० अंश धरले तर तीन किलोमीटरवर १०५ ते १२० अंश होतात. जर्मेनियमची साधने ७५-८० अंशांच्या पुढे बिघडू लागतात, कारण त्यातील इलेक्ट्रॉन थोड्या उष्णतेनेही सुटे होतात. सिलिकन साधारण १५० अंशांपर्यंत तग धरतो. मग खोल विहिरीत उतरवायच्या मापकात कोणता अर्धवाहक हवा, हे मुले स्वतःच सांगतात.

तक्त्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. नावे पुसून ‘हे सारे सामूहिक आहे’ असे म्हणणे सोपे असते आणि तेही चूक आहे. खरवडण्याऐवजी लोळवावे ही सूझ ह्यूज यांनी यंत्रात उतरवली. सगळे घटक एकाच पदार्थाचे करावेत हा विचार किल्बींनी करून दाखवला. श्रेय द्यावेच, पण ते नेमके कशाचे, हे सांगावे.

म्हणून आमची सूचना अशी. तक्ता उतरवू नका. त्याला चार रकाने जोडा : काय अडले होते? हाताशी आधीच काय होते? नेमका बदल कोणता केला? त्यानंतर काय अडले? ह्यूज यांच्या ओळीत चौथ्या रकान्यात ‘दात झिजतात’ असे येईल. किल्बींच्या ओळीत ‘तारा हाताने जोडाव्या लागतात’ असे येईल.

आमच्या भागातील कित्येक मुलांचे वडील, आता आयाही, भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांत काम करतात. छिद्र सरकू नये म्हणून कोणी जिग बदलतो, कोणी हत्याराचा कोन बदलून पाहतो. भिंतीवरचा तक्ता वाचून ही मुले समजतात, की शोध दूरदेशी, थोर माणसांना, एका विशिष्ट साली लागतात. घरी जे बोलले जाते त्याचा विज्ञानाशी संबंध नाही. ह्या समजुतीने होणारे नुकसान परीक्षेत दिसत नाही. एखाद्या शनिवारी मुलांना चार रकान्यांचा कोरा कागद द्यावा आणि घरी विचारून एक ओळ भरून आणायला सांगावे. वर्गातल्या भरलेल्या ओळी त्याच तक्त्याखाली लावाव्यात.