दाखविलेला देश : आखीव दौऱ्याचे कथन आणि साक्षीचा प्रश्न

१

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार एका अलिखित करारावर उभा असतो. निवेदक प्रत्यक्ष तेथे गेला, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि परत येऊन सांगितले, एवढ्यावर वाचक त्याला साक्षीदाराचा अधिकार बहाल करतो. कादंबरीतील निवेदकाला हा अधिकार कथनाच्या बळावर मिळवावा लागतो. प्रवासवर्णनकाराला तो बव्हंशी आयताच मिळतो. मात्र ज्या देशात काय पाहावयाचे, कोठे थांबावयाचे, कोणाशी बोलावयाचे आणि कशाचे छायाचित्र घ्यावयाचे हे यजमान राज्यसंस्थेने आधीच ठरवून ठेवलेले असते, त्या देशातील दौऱ्याचे वर्णन या कराराच्या मुळाशीच प्रश्न उभा करते. तेथे डोळे प्रवाशाचे असले, तरी नजर कोणाची असते?

उत्तर कोरियाविषयीच्या प्रवासलेखनात हा प्रश्न सर्वांत तीव्र स्वरूपात समोर येतो. विमानतळावर उतरल्यापासून परत निघेपर्यंत पाहुण्यासोबत बहुधा दोन मार्गदर्शक असतात. मान्सू टेकडीवरील नेत्यांच्या भव्य पुतळ्यांसमोर फुले वाहून वाकावे लागते. छायाचित्रात पुतळा कोठेही कापला जाणार नाही याची दक्षता घ्यावी लागते. त्यानंतर १९८२ साली उभारलेला जुछे स्तंभ, भुयारी रेल्वे, आणि राजधानीबाहेर म्योह्यांग पर्वतातील नेत्यांना मिळालेल्या भेटवस्तूंचे संग्रहालय. २०२० च्या जानेवारीत महासाथीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या आणि २०२४ च्या फेब्रुवारीत रशियन पर्यटकांचा गट आत गेला, तोवर हा क्रमही थांबला होता. तत्पूर्वीची वर्णने एकापाठोपाठ एक वाचली, तर ती एकाच संहितेच्या निरनिराळ्या प्रती वाटू लागतात. मूळ संहिता राज्यसंस्थेची आणि प्रवासी तिचा नक्कलकार, अशी ही स्थिती आहे.

या स्थितीतून सुटण्याचा बहुतेक लेखकांनी अवलंबिलेला मार्ग उपरोधाचा आहे. दाखविले ते आपल्याला खरे वाटले नाही, एवढे जाणवून दिले की साक्षीचा अधिकार परत मिळतो, अशी त्यामागची समजूत असते. ही समजूत तपासून पाहिली असता ती अपुरी ठरते. अशा कथनाची खरी परीक्षा निवेदक किती फसला वा फसला नाही यात नसून, त्याने आपल्या मार्गदर्शकाला संहितेत कोणते स्थान दिले यात असते.

२

आंद्रे जीद १९३६ च्या जूनमध्ये सोव्हिएत रशियात गेले, ते मित्र म्हणून. गॉर्कीच्या अंत्यविधीच्या वेळी लाल चौकात त्यांचे भाषण झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांचे रशियाभेटीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि मैत्री संपली. या पुस्तकातील सर्वांत बोलके प्रसंग कारखान्यांचे किंवा शेतांचे नसून शब्दांचे आहेत. स्तालिनच्या जन्मगावावरून, गोरीवरून जाताना जीद त्याला आभाराची तार करू पाहतात. दुभाषा सांगतो की स्तालिनला नुसते 'आपण' म्हणून संबोधता येणार नाही. त्यापुढे एखादे गौरवाचे बिरुद जोडावेच लागेल. अन्यत्र एका भाषणात सोव्हिएत देशाच्या भवितव्याला गौरवपर विशेषण लावण्याची सूचना होते, तर एका सम्राटासंबंधी लिहिलेले 'महान' हे विशेषण काढून टाकावयास सांगितले जाते.

जीद यांचे सामर्थ्य असे, की सत्तेची यंत्रणा त्यांनी व्याकरणात पकडली. तुरुंग त्यांना दाखविले गेले नव्हते. पण विशेषणाची सक्ती त्यांच्यापासून लपविता आली नाही. आखीव दौऱ्यात वस्तू, इमारती आणि माणसे निवडून ठेवता येतात. भाषा मात्र प्रत्येक क्षणी वापरावी लागत असल्याने तेथे आखणीची शिवण उघडी पडते.

तरीही जीद यांच्या संहितेत दुभाषा हा अडथळाच राहतो. वाक्य पुढे जाऊ देत नाही तो, एवढेच त्याचे कार्य. आज हा प्रसंग वाचताना वाचकाजवळ एक अधिकचे ज्ञान असते: त्याच ऑगस्टमध्ये पहिला मॉस्को खटला चालला आणि पुढचे १९३७ हे वर्ष महादहशतीचे होते. त्या ज्ञानाच्या प्रकाशात प्रसंगाचा केंद्रबिंदू सरकतो. जीद यांच्या दृष्टीने विशेषण हा अभिरुचीचा आणि सत्यनिष्ठेचा प्रश्न होता. तारेचा मजकूर ज्याच्या तोंडून जाणार होता, त्याच्या दृष्टीने तो सुरक्षिततेचा प्रश्न असू शकत होता. जीद पॅरिसला परतणार होते, दुभाषा तेथेच राहणार होता. ही विषमता संहितेत उपस्थित आहे, परंतु संहितेला तिची जाणीव नाही.

३

रोलाँ बार्थ यांचा १९७४ च्या एप्रिल-मे मधील चीनदौरा हे दुसरे, आणि समीक्षकांच्या दृष्टीने अधिक अडचणीचे उदाहरण होय. सोलेर्स, क्रिस्तेवा, प्लेने आणि वाल यांच्यासह ते गेले, तेव्हा चीनमध्ये लिन ब्याव आणि कन्फ्यूशस यांच्याविरुद्धची मोहीम चालू होती. चार वर्षांपूर्वी जपानविषयीच्या पुस्तकात एका संपूर्ण संस्कृतीला चिन्हांचे साम्राज्य म्हणून वाचणाऱ्या या चिन्हमीमांसकाला चीनमध्ये वाचावयास चिन्हेच मिळेनात. मिळाली ती ठोकळेबाज वाक्ये. अशा तयार वाक्खंडांना त्यांनी आपल्या वहीत 'विटा' म्हटले. कारखाना असो वा शाळा, यजमान एकावर एक विटा रचतात आणि पाहुण्यासमोर भिंत उभी राहते.

मे १९७४ मध्ये फ्रेंच दैनिकात आलेल्या त्यांच्या लेखात मात्र भिंतीची तक्रार नाही. तेथे चीनचा फिकेपणा, अर्थाला मिळालेली विश्रांती, जवळजवळ सद्गुण म्हणून येते. कंटाळा, डोकेदुखी, निद्रानाश आणि कोणाशीही संपर्क न होण्याची खंत वह्यांमध्येच राहिली. त्या प्रसिद्ध झाल्या २००९ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर जवळपास तीन दशकांनी. एकाच दौऱ्याच्या या दोन संहितांमधील अंतर केवळ राजकीय सावधगिरीने स्पष्ट होत नाही. बार्थ यांच्यापाशी रूढ अर्थाची, साचेबंद भाषेची अत्यंत सूक्ष्म मीमांसा होती. पण ती आपल्या समाजातील साच्यांवर चालविलेली होती. तेथे साचा हा आळसाचा वा वर्चस्वाचा परिणाम असे. चीनमधील साचा बोलणाऱ्याचे चिलखतही असू शकतो, ही शक्यता त्या मीमांसेत सामावत नाही. वीट मोजणाऱ्याला विटेमागे कोणी उभे असेल असे सुचत नाही.

सिमाँ लेस यांनी नेमकी ही उणीव दाखविली. चिनी भाषा आणि वाङ्मय यांचा हा बेल्जियन अभ्यासक १९७२ मध्ये सहा महिने पेकिंगच्या बेल्जियन वकिलातीत होता. पाहुण्यांना नेल्या जाणाऱ्या ठरावीक शहरांचे आणि स्थळांचे वर्तुळ त्याने वर्णिले, तेही वर्तुळात राहूनच. फरक एवढाच, की दुभाष्याच्या वाक्याआधी उच्चारलेले मूळ वाक्य त्याला कळत होते. सिद्धान्ताने भरून न निघणारी भाषेची उणीव येथे ठसठशीतपणे समोर येते.

४

गी दलिल या क्यूबेकच्या चित्रकथाकाराने २००१ मध्ये ॲनिमेशनच्या कामासाठी प्याँगयाँगमध्ये दोन महिने काढले. २००३ मध्ये फ्रेंचमध्ये आलेली त्याची चित्रकथा या प्रकारातील बहुधा सर्वाधिक वाचली गेलेली कृती आहे. छायाचित्राला मार्गदर्शकाची संमती लागते, स्मृतीतून काढलेल्या रेखाटनाला लागत नाही. माध्यमाची ही निवडच आखीव नजरेला दिलेले एक उत्तर आहे. करड्या छटांतील रिकामे रस्ते, दिवे न लागलेले मजले आणि बेटावरच्या हॉटेलातील एकटेपणा यांतून निवेदकाची कोंडी नेमकी साकार होते.

परंतु या कृतीतील विनोद वारंवार मार्गदर्शकाच्या अंगावर फुटतो. रस्त्यात अपंग माणसे कशी दिसत नाहीत, असे निवेदक विचारतो. आपल्या देशात सर्वजण सुदृढच जन्माला येतात, अशा आशयाचे उत्तर मिळते. याचा यावर खरोखर विश्वास आहे काय, असा प्रश्न निवेदकाला पडतो. या प्रकारच्या लेखनात हा प्रश्न जवळजवळ सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेचा निर्णय चार दिवसांच्या वा दोन महिन्यांच्या सहवासात, तिसऱ्या कोणाच्या कानांदेखत, करता येत नाही. विचारता येण्याजोगा प्रश्न निराळा आहे: याहून वेगळे उत्तर देण्याची किंमत त्याला किती पडली असती?

संशयाचा हा व्यापार भुयारी रेल्वेसंबंधीच्या आख्यायिकेत टोकाला जातो. १९७३ मध्ये सुरू झालेल्या या रेल्वेची पुहुंग आणि योंगग्वांग ही दोनच स्थानके परदेशी पाहुण्यांना अनेक वर्षे दाखविली जात. त्यावरून बाकीची स्थानके अस्तित्वातच नाहीत आणि गाडीतले प्रवासी म्हणजे नेमलेले नट आहेत, अशी वदंता पसरली. पुढे आणखी स्थानके पाहुण्यांना खुली झाली आणि वदंतेचा आधार गेला. येथे अठराव्या शतकातील पोटेम्किनच्या गावांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १७८७ मध्ये सम्राज्ञी कॅथरिनच्या क्रिमिया दौऱ्यासाठी नदीकाठी देखाव्याची गावे उभारल्याची ती कथा इतिहासकार आज अतिशयोक्त मानतात. देखावा होताच, परंतु 'सर्वच देखावा होता' ही कथाही रचलेली होती.

राज्यसंस्था म्हणते, दिसते आहे ते सर्व खरे आहे. संशयी प्रवासी म्हणतो, दिसते आहे ते सर्व खोटे आहे. या दोन विधानांचा आकृतिबंध एकच आहे. कामावरून घरी परतताना फलाटावर उभ्या असलेल्या बाईला पहिले विधान राष्ट्राच्या सुखाचे प्रतीक बनविते, दुसरे तिला नटी ठरविते. ती थकलेली आहे, तिला गाडी पकडावयाची आहे, ही गोष्ट दोन्ही संहितांमधून निसटते. उपरोध हा येथे मुक्तीचा मार्ग न राहता नियंत्रणाचेच उलटे प्रतिबिंब होतो.

५

या प्रकारच्या संशयामागे आणखी एक गृहीतक असते. प्रवाशाचा स्वतःचा देश म्हणजे मोकळी, न आखलेली जागा, असे ते गृहीतक. मराठीतील एका प्रवासवर्णनाने त्याची मर्यादा उघड होते. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले; 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक त्यातून आले. तोही यजमानांनी आखलेला दौरा होता. 'स्तालिनग्रादचा पोवाडा' लिहिणाऱ्या शाहिराच्या मनात तो देश पाहण्याआधीच काव्यरूपाने वसलेला होता. यजमानांनी जे दाखविले नाही, ते या वर्णनातून सुटले, हे मान्यच करावे लागते. परंतु 'त्यांना दाखविले तेवढे त्यांनी पाहिले' असा निकाल देऊन ही कृती बाजूला सारणे वाङ्मयीन दृष्ट्या उथळपणाचे आहे. मातंग समाजात जन्मलेल्या, घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहणाऱ्या लेखकाला पाहुणा म्हणून मिळणारा सन्मान आणि जीद वा बार्थ यांना मिळणारा सन्मान यांचा अर्थ एक असू शकत नाही. कोणी कोठे बसावे, कोणत्या वस्तीत जावे, कोणाला कसे हाक मारावी हे ठरवून देणारी आखणी साठे यांना घरीच परिचयाची होती. त्यांचे वर्णन रशियाविषयी अपुरी साक्ष देत असेल. ज्या देशातून ते गेले, त्या देशाविषयीची त्याची साक्ष अपुरी नाही.

सुकी किम यांचे २०१४ मधील पुस्तक हा प्रश्न दुसऱ्या बाजूने मांडते. २०११ मध्ये प्याँगयाँगच्या एका विद्यापीठात त्यांनी इंग्रजी शिकविले, आपला लेखनहेतू गुप्त ठेवून. देखरेख त्यांच्यावर होती, आणि त्याच वेळी त्या स्वतःही पाहिल्या जाणाऱ्या तरुणांना फसवीत होत्या. त्यांनी नावे बदलली, ओळखीच्या खुणा पुसल्या; तरीही विद्यार्थ्यांना धोक्यात लोटल्याचा आक्षेप त्यांच्यावर आला. वार्तांकन म्हणून केलेल्या या लेखनावर प्रकाशकाने 'आठवणी' असा शिक्का मारला, याचा निषेध त्यांनी २०१६ मध्ये केला. वाङ्मयप्रकाराचे नाव येथे निरुपद्रवी राहत नाही: साक्ष आणि आत्मकथन यांतील सीमारेषा ओढण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद त्यात दडलेला आहे. विशेष असे, की या पुस्तकात विद्यार्थ्यांचे खोटे बोलणे निवेदिकेला आधी दुखावते आणि नंतर समजू लागते. मार्गदर्शित कथनात क्वचितच घडणारा हा बदल आहे.

६

आखीव दौऱ्याच्या कथनाचे मूल्यमापन करताना म्हणून तीन प्रश्न उपयुक्त ठरतात. संहितेला मार्गदर्शक केवळ पडदा वाटतो काय? तो विनोदाचे साधन होतो काय? की लेखन प्रसिद्ध झाल्यावर त्याचे परिणाम ज्याला भोगावे लागतील असा माणूस म्हणून तो येतो? तिसऱ्या प्रकारच्या संहितेत काही गाळलेले असणे अपरिहार्य आहे, आणि ते गाळणे हा दोष मानता येत नाही. लेखक जे सांगत नाही, त्याचाही हिशेब समीक्षेने घ्यावयास हवा.

दलिलच्या चित्रकथेतील एक प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. निवेदक ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी आपल्या सोबत्याला वाचावयास देतो. काही दिवसांनी तो ती अस्वस्थपणे परत करतो; अशा विज्ञानकल्पित कथा आपल्याला आवडत नाहीत, एवढेच सांगतो. वाचक हसतो. त्या उत्तरात नावड असेल, भीती असेल, किंवा कादंबरी पुरती कळल्याची खूण असेल. यांपैकी काय, हे संहिता ठरवू शकत नाही. पुस्तक देताना निवेदकाने काहीच पणाला लावलेले नव्हते, आणि परत करताना समोरच्याने कदाचित पुष्कळ काही सांभाळले होते. एवढे ध्यानात घेतले, तर लपविलेल्या देशाचा एक कोपरा याच चौकटीत दिसतो.