दहा लाख डॉलर्स आणि म्लेइहाचा दगड

सिंधू लिपीचा उलगडा करणाऱ्याला दहा लाख डॉलर्स देऊ, असं तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी जानेवारी २०२५मध्ये जाहीर केलं. हेतू चांगला आहे, पण गृहीतक मला पटत नाही. घोडं हुशारीपाशी अडलेलंच नाहीये.

शारजातल्या म्लेइहाचं उदाहरण घ्या. दहाएक वर्षांपूर्वी इथल्या एका थडग्यात कोरीव दगड सापडला. मधे हसाइती, म्हणजे पूर्व अरबस्तानातली जुनी भाषा, आणि कडेनं चौकटीसारखा अरामी मजकूर. ओमानच्या राजाच्या पदरी असलेल्या अमूदसाठी त्याच्या मुलानं हे थडगं बांधलं. एका भाषेत अडलं की दुसरीकडे बघायची सोय. तरी गंमत बघा, वर्षाचा आकडा ९० की ९७ यावर अभ्यासक अडतात, म्हणजे इ.स.पू. २२२-२१ की २१५-१४. अक्षरं ओळखीची, मजकूर दोन भाषांत, आणि तरी सात वर्षांची शंका शिल्लक!

आता सिंधू मुद्रा. सरासरी पाचेक चिन्हांचा मजकूर. इरावतम महादेवन यांनी १९७७ साली यादी केली, तेव्हा वेगवेगळी चिन्हं भरली ४१७. भाषा ठाऊक नाही, द्विभाषिक लेख नाही, खात्रीनं वाचता येईल असं एकही नाव नाही. (ही लिपीच नव्हे, असं म्हणणारेही आहेत.) इतक्या तोकड्या मजकुरावर संस्कृतही बसवता येते आणि तमिळही, बसली नाही तर चिन्हाचा उच्चार बदलायचा, झालं! व्हेंट्रिसचं लिनिअर बीचं वाचन टिकलं, कारण त्यानं न पाहिलेल्या पायलॉसच्या एका पाटीवर ते लागू पडलं: शब्द निघाला तिपाईचा, शेजारी चित्रही तिपाईचंच. व्हॉट्सॲपवरच्या 'अखेर उलगडा' छाप दाव्यांना तुम्ही हेच विचारा, नवीन मुद्रा निघाली तर तुमचं वाचन चुकू शकतं का?

पाच चिन्हांवर डोकेफोड करण्यापेक्षा मोठा मजकूर शोधणं जास्त शहाणपणाचं. लूव्रमधल्या एका अक्कडकालीन मुद्रेवर शू-इलिशू स्वतःला मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी म्हणवतो, आणि मेलुह्हा म्हणजे बहुतेकांच्या मते सिंधूचा प्रदेश. त्या व्यापाराची वाट याच किनाऱ्यावरून जायची. तेल अब्राकला सिंधू पद्धतीची वजनं मिळालीत. बहरीनच्या काही मुद्रांवर तर सिंधू चिन्हंच आहेत, पण क्रम असा निराळा, की कोणीतरी ती आपल्या भाषेसाठी वापरली असावीत. द्विभाषिक दगड मिळालाच तर अशा बंदरात मिळेल. तेव्हा ते दहा लाख मी इथल्या उत्खननांना आणि पेट्यांत पडून असलेली खापरं तपासणाऱ्यांना देईन.