छत्तिसावे दालन

मारामारीचा चित्रपट घरात लागला की पालकांच्या कपाळावर आठी उमटते. ती आठी पुष्कळदा रास्तही असते. सूडाने पेटलेला तरुण, त्याला भेटलेला गुरू, घाईघाईने उरकलेली साधना आणि अखेरीस शत्रूचा नाश, एवढ्याच भांडवलावर असे कितीतरी चित्रपट उभे राहिले आहेत. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या संस्थेने १९७८ साली पडद्यावर आणलेला ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ हा चित्रपट वरवर पाहता त्याच माळेतला मणी. तो लक्षपूर्वक पाहिल्यावर मात्र आम्हांला आमचे मत बदलावे लागले.

अमेरिकन पुराणकथा-अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ या ग्रंथात देशोदेशींच्या वीरकथांमागे एकच आराखडा असल्याचे प्रतिपादन केले. नायक परिचित जग सोडतो, अपरिचित जगात कसोटीला उतरतो आणि तेथे लाभलेला ठेवा घेऊन आपल्या माणसांत परततो. प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन अशा या तीन पायऱ्या. हा आराखडा दिसेल त्या कथेवर बसविण्याचा मोह समीक्षकांना होतो. आमच्या मते कथा त्याला कोठे सोडून जाते, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

येथे ती पहिल्याच पायरीवर सोडून जाते. मांचू राजवटीच्या जुलमात आपली माणसे गमावलेला एक विद्यार्थी जखमी अवस्थेत शाओलिन मठ गाठतो. कॅम्बेल यांचा नायक पुष्कळदा हाक ऐकून कचरतो. हा तरुण मुळीच कचरत नाही. कचरतो तो मठ. बाहेरच्या माणसाला आत घ्यावे की नाही, याचा तेथे खल होतो. अखेर त्याला ‘सान-ते’ हे नाव मिळते आणि हाती येतो तो झाडू! पुढे विद्या शिकण्याची मुभा मिळताच तो पस्तीस दालनांपैकी सर्वांत वरचे दालन निवडतो. तेथे ज्येष्ठ भिक्षू ग्रंथपठन करीत बसलेले असतात. त्यातले एक अक्षरही त्याला उमगत नाही आणि तो बाहेर फेकला जातो. मुकाट्याने त्याला तळाच्या दालनापासून प्रारंभ करावा लागतो.

चित्रपटाचे खरे सामर्थ्य या मधल्या भागात आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून जेवणघराकडे जाताना सान-ते पुन्हा पुन्हा पाण्यात पडतो. दोन्ही हात ताठ पसरून पाण्याच्या बादल्या वाहताना कोपर जरा खाली आले, तर दंडाला बांधलेली पाती बरगड्यांत रुततात. लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या जड हातोड्याने घंटा वाजवून मनगट घडवावे लागते. हे सारे दिग्दर्शक लाऊ कार-लिऊंग यांनी सावकाश, जवळजवळ हट्टाने दाखविले आहे. नायकाच्या भूमिकेतील गॉर्डन लिऊ यांच्या चेहऱ्यावरचा उतावळेपणा हळूहळू ओसरत जातो, तो संवादांवाचून कळतो. दिग्दर्शकांचे वडील लाऊ चाम हे लाम साई-विंग यांचे शिष्य आणि लाम हे विख्यात वाँग फेई-हुंग यांचे शिष्य. गुरुपरंपरेतून आलेली विद्या स्वतः आत्मसात केलेल्या माणसाचा हा चित्रपट असल्यामुळेच शिकण्यातला कंटाळा वगळावा, असे त्यांना वाटले नसावे.

पस्तीस दालने ओलांडल्यावर सान-तेला मठात मानाची जागा देऊ केली जाते. तो मात्र छत्तिसावे दालन मागतो, जेथे सामान्य प्रापंचिकांना ही विद्या शिकविता येईल. मठाधिपती उघडपणे नकार देतात आणि शिक्षेच्या निमित्ताने त्याला बाहेर पाठवितात. हा नकार म्हणजेच संमती, हे जाणत्यांच्या ध्यानात येते. कॅम्बेल यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर नायकाने परत आणलेला ठेवा हाच. पित्याच्या सूडासाठी आत आलेला मुलगा बाहेर पडताना शिक्षक झालेला असतो.

दुर्दैवाने यानंतर दिग्दर्शकांची सावकाशी सुटते. गावात परतलेला सान-ते भराभर शिष्य गोळा करतो, सेनापतीशी द्वंद्व होते आणि हिशेब चुकता होतो. ज्याला शस्त्राआधी झाडू मिळाला, तो आपल्या शिष्यांना आधी काय देतो? त्यांच्याही मनात संताप आहे. तो निवळण्यासाठी त्यांना कोणती दालने? या प्रश्नापाशी चित्रपट क्षणभरही थांबत नाही. अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे बळ मठाच्या भिंतीआड कोंडून ठेवू नये, हे त्याचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. परंतु संयमावाचून वाटलेले बळ गावाचे रक्षण करील की नवे जुलमी निर्माण करील, याची खात्री कोण देणार? शेवटच्या दृश्यात मठातच उघडलेल्या छत्तिसाव्या दालनात प्रापंचिकांची शिस्तबद्ध साधना दिसते, हेच काय ते उत्तर. ते योग्य आहे, परंतु फारच त्रोटक आहे.

तरीही हा चित्रपट मुलांपासून लपवावा, असे आम्ही म्हणणार नाही. थोरांनी तो जाणत्या मुलांसोबत बसून पाहावा. संपल्यावर शत्रू कसा हरला, याची चर्चा मुले आपण होऊनच करतील. आपण त्यांना एवढेच विचारावे की, विद्या मागावयास आलेल्या मुलाच्या हाती आधी झाडू का दिला असेल?