रावेन्नाचे पडदे, मंडपेश्वरचा क्रूस

ख्रिस्ती कलेचा विचार करताना इटलीतील रावेन्ना नगरीचा उल्लेख गौरवाने होतो, आणि तो यथार्थच आहे. इ. स. ५४७ मध्ये अभिषेक झालेल्या संत विताले चर्चमध्ये, रंगीत व सोनेरी तुकड्यांच्या मोझेकमध्ये, सम्राट जस्टिनियन तबक घेऊन वेदीनजीक उभा आहे. समोरच्या भिंतीवर चषक धरलेली सम्राज्ञी थिओडोरा. दोघांच्याही मस्तकामागे तेजोवलय! वस्तुतः जस्टिनियनने रावेन्नात कधी पाऊलही ठेवले नव्हते. त्याच्या सैन्याने ५४० मध्ये ती नगरी जिंकली, आणि चित्ररूपाने तो कायमचा वेदीपाशी येऊन उभा राहिला. त्या आकृतींना जणू वजन नाही. मात्र त्यांचे विशाल डोळे पाहणाऱ्याला खिळवून ठेवतात. हे सौंदर्य प्रार्थनेचे की सत्तेचे, हा प्रश्न मनात उभा राहतो.

याच नगरीतील संत अपोलिनारे नोव्हो हे चर्च त्याचे उत्तर देते. ते एरियसपंथीय राजा थिओडोरिकने बांधले होते. सत्तांतरानंतर तेथील राजवाड्याच्या चित्रातील माणसे काढून कमानींमध्ये मोझेकचे पडदे जडवण्यात आले. परंतु खांबांवर आलेले त्यांचे हात तसेच राहिले. धड नाही, मुख नाही, केवळ हात! त्या कलाकृतीतील सर्वांत बोलका भाग तोच होय.

असे पडदे केवळ परक्या भूमीवरच लागले, असे नाही. बोरिवलीचे मंडपेश्वर लेणे साधारणतः त्याच शतकातले. तेथे नटराज आहे, शिवपार्वतीचा विवाह आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाने फ्रान्सिस्कन संन्याशांनी या लेण्याचे चर्च केले. तेथे त्यांनी मुलांना शिक्षण दिले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु शिल्पपटाच्या जागी कोरलेला मोठा क्रूस आजही तेथे दिसतो. १७३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि मठाचे दिवस संपले. भग्न शिल्पे व क्रूस आज एकाच लेण्यात, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत.

त्या काळाची दृष्टी निराळी होती, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दिली. त्या कसोटीवर मंडपेश्वरचा क्रूस राज्यकर्त्याच्या विजयाची साक्ष देतो, ख्रिस्ताच्या प्रीतीची नव्हे. कालवारीवरचा क्रूसही राज्यकर्त्यानेच उभारला होता. पण त्यावर आपला प्रभू स्वतः घाव सोसत होता, इतरांवर घालीत नव्हता.

विक्रोळीहून मंडपेश्वर फार दूर नाही. आपल्या कुटुंबांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे आणि क्रूसाबरोबर त्याखाली हरवलेले शिल्पही त्यांना सांगावे. आपल्या श्रद्धेला त्यामुळे उणेपणा येणार नाही. ती अधिक प्रामाणिक होईल.