देव कुणाच्या बाजूनं?

जेम्स कोन यांचं 'द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री' (२०११) हे पुस्तक आपल्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावं आणि त्याच्याशी भांडावं. मी भांडलो, म्हणून लिहितोय.

कोन हे अर्कान्सात वाढलेले काळे ख्रिस्ती धर्मचिंतक. त्यांचं म्हणणं सरळ आहे. रोमन सत्तेनं येशूला चारचौघांत खिळे ठोकून मारलं, ते लोकांना दहशत बसावी म्हणून. अमेरिकेत गोऱ्या झुंडींनी काळ्यांना झाडाला लटकवलं, तेही त्याचसाठी. टस्कीगी संस्थेच्या नोंदीत १८८२ ते १९६८ या काळात असे ३,४४६ काळे मारले गेले. मारणारे स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते. राइनहोल्ड नीबरसारखा बडा गोरा धर्मपंडित आयुष्यभर क्रुसाबद्दल लिहितो, पण त्याच्या क्रुसाशेजारी हे झाड येत नाही. कोन नीबरची कॉलर धरतात. इथं पुस्तक जबरदस्त आहे.

पण एवढ्यानं भागत नाही. १९५५ साली मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिलला गोऱ्यांनी छळून मारलं. त्याच्या आईनं, मेमी टिल यांनी, शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. पोराचा ठेचलेला चेहरा जगाला दाखवला. फक्त गोऱ्यांच्या ज्युरीनं आरोपींना सोडलं. १९५६ मध्ये त्यांनीच पैसे घेऊन मासिकात खुनाची कबुली दिली. तरी त्यांचं काही वाकडं झालं नाही. मग देवाचा न्याय कुठं शोधायचा?

कोन क्रुसाकडं बोट दाखवतात. देव मरणाऱ्याबरोबर आहे, आणि मरण हा शेवट नाही. इथं मला विल्यम जोन्स आठवतात. हेही काळेच, तत्त्वज्ञ. 'इज गॉड अ व्हाइट रेसिस्ट?' (१९७३) या पुस्तकात त्यांनी कोनना अडवलं. हाल बघून देव आपला आहे म्हणता येतं, तसं तो आपल्यावर उलटलाय असंही म्हणता येतं. मग काळ्यांना मुक्त करणारी कुठली घटना तुम्ही दाखवता? कोननी 'गॉड ऑफ द ऑप्रेस्ड' (१९७५) मध्ये पुन्हा येशूच दाखवला. श्रद्धावंताला ते पुरेल. पण जोन्स काळ्यांच्या इतिहासातलं विचारत होते. त्यांच्या प्रश्नाला हे उत्तर नाहीच.

हा वाद आपल्याला परका नाही. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बाबासाहेबांनी 'द बुद्धा अँड हिज धम्म'मध्ये झिडकारला, कारण गरिबाच्या दुर्दशेची जबाबदारी त्यातून समाज आणि राज्य झटकून टाकतात. कोन असलं करत नाहीत, हे मान्य केलंच पाहिजे. ते भोगणाऱ्याला नाही, मारणाऱ्याला धरतात. धोका दुसरीकडं आहे. क्रूस वाहणं हेच पुण्य होऊन बसतं. डेलोरेस विल्यम्स या काळ्या धर्मचिंतक बाईंनी १९९३ मध्ये हेच बजावलं : काळ्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांसाठी भोगलं, त्या भोगण्याला पवित्र म्हणू नका. कोन त्यांचं ऐकून घेतात, पण क्रूस काही सोडत नाहीत.

मेमी टिलना श्रद्धेनं उभं ठेवलं, हे मी नाकारत नाही. पण पेटी उघडी ठेवायचं त्यांनी ठरवलं, आणि जे बघून पेटले ते रस्त्यावर आले. एमेटच्या नावाचा लिंचिंगविरोधी केंद्रीय कायदा झाला तो २०२२ साली. ६७ वर्षं लागली. तोही कुणी वरून टाकला नाही, माणसांनी झगडून घेतला.