न आलेली पाचवी आवृत्ती

आमच्या संगणक व्यवसायातली मंडळी 'ओपन सोर्स' हा शब्द उच्चारताना जराशी भाविक होतात. आज्ञावली कोणीही वापरावी, कोणीही दुरुस्त करावी आणि पटले नाही तर तिची प्रत घेऊन वेगळी चूल मांडावी. मग तिथे सत्तेचा आणि कारभाराचा प्रश्न येतोच कुठे, असे त्यांचे म्हणणे असते. मला ते अपुरे वाटते, आणि त्याचे कारण दाखवायला जर्मनीतलेच एक उदाहरण पुरेसे आहे. इथल्या अनेक नगरपालिका, विद्यापीठे आणि मध्यम आकाराच्या कंपन्या यांची संकेतस्थळे 'टायपो-थ्री' या प्रणालीवर चालतात. मुलांच्या पाळणाघराचा अर्ज शोधताना आपणही ती नकळत वापरली असण्याचा संभव आहे. या प्रणालीची चौथी आवृत्ती आली, सहावी आली. पाचवी मात्र आलीच नाही.

टायपो-थ्री जन्माने डेन्मार्कची. कास्पर स्कोरहॉय यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती एकट्याने लिहायला घेतली आणि २००० साली मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुली केली. तिचा संसार मात्र मुख्यतः जर्मनभाषक मुलखात थाटला गेला. २००४ मध्ये तिच्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये रीतसर संघटना स्थापन झाली. सभासद, वर्गणी, सर्वसाधारण सभा, निवडलेली समिती, असा सगळा सरंजाम होता. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेला हजेरी लावणाऱ्याला त्यात काही नवे वाटू नये. २००७ मध्ये स्कोरहॉय नेतृत्वातून बाजूला झाले. माणूस स्वखुशीने खुर्ची सोडतो ही कौतुकाचीच गोष्ट. पण 'हे आपण करायचे नाही' असे ज्याने म्हटले की सगळे ऐकत, तो आवाजही त्यांच्याबरोबर गेला.

नेमक्या त्याच सुमारास एक मोठे काम हाती घेतलेले होते. चौथ्या आवृत्तीचा कोड वर्षानुवर्षे ठिगळे लावत वाढला होता, तेव्हा पाचवी आवृत्ती पायापासून नव्याने लिहायची असे ठरले. रॉबर्ट लेम्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी तो पायाच बांधायला घेतला: 'फ्लो-थ्री' नावाचे स्वतंत्र फ्रेमवर्क. अभियंता म्हणून सांगतो, काम देखणे होते. एका घटकाला दुसरा घटक लागला तर तो त्याने स्वतः शोधत न बसता बाहेरून पुरवला जावा, व्यवसायातल्या संकल्पना कोडमध्ये त्याच नावांनी दिसाव्यात, ही शिस्त त्या काळच्या पीएचपीच्या जगात दुर्मीळच होती. पण पाया इतका रंगात आला की घर मागे पडले. फ्लो-थ्रीची पहिली पूर्ण आवृत्ती २०११ साली प्रसिद्ध झाली, आणि तेव्हाही त्यावर उभी राहायची संकेतस्थळ-प्रणाली तयार नव्हती.

मुंबईतल्या चाळीच्या पुनर्विकासाची ज्यांना माहिती आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. नव्या इमारतीचे नकाशे सुंदर असतात, आणि भाडेकरू संक्रमण शिबिरात वर्षे मोजत असतो. इथला भाडेकरू म्हणजे एखाद्या गावाच्या नगरपालिकेतला कारकून आणि त्याला संकेतस्थळ बांधून देणारी पाच माणसांची कंपनी. आज पैसे खर्चून जुन्या आवृत्तीत सुधारणा करायच्या, की नवी येईपर्यंत थांबायचे?

या प्रश्नाला २००८ मध्ये बर्लिनला जमलेल्या दोन्ही बाजूंच्या विकासकांनी एका जाहीरनाम्याने उत्तर दिले. चौथी आवृत्ती पुढेही विकसित होत राहील, पाचवी तिची वारस असेल, दोन्ही हळूहळू जवळ येतील आणि मजकूर एकीकडून दुसरीकडे सहज नेता येईल, असा त्याचा आशय होता. पुष्कळजण या जाहीरनाम्याला समंजसपणाचा नमुना मानतात. मला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दुबळा कागद वाटतो. त्यात सर्वांना सर्व काही दिले होते; दोन कामांत ओढाताण झाली तर कोणते थांबवायचे आणि ते कोणी ठरवायचे, याचे उत्तर मात्र त्यात नव्हते. त्यावर मतभेद कोणाचाच नव्हता, कारण त्याने कोणाचे काही काढून घेतले नव्हते. आपल्या समित्यांत असे ठराव एकमताने मंजूर होताना आपण पाहिलेले आहेत.

पुढे जे झाले ते कोणीही सभेत ठरवले नाही. ते घडत गेले. फ्लो-थ्रीतल्या चांगल्या कल्पना २००९ पासून 'एक्स्टबेस' आणि 'फ्लुइड' या रूपांत जुन्या प्रणालीतच आल्या, आणि जुने घर राहण्याजोगे होऊ लागले. २०१२ मध्ये नव्या प्रणालीला 'निओस' हे वेगळे नाव मिळाले. त्याच वर्षी जुनी प्रणाली ४.७ वरून थेट ६.० वर गेली, कारण पाच हा आकडा वारसासाठी राखून ठेवला होता आणि वारसाने तर नावच बदलले होते. २०१३ च्या अखेरीस निओसची पहिली आवृत्ती निघाली आणि २०१५ मध्ये दोन्ही गटांनी अधिकृतपणे फारकत घेतली.

ही फारकत सलोख्याने झाली आणि ती योग्यच होती. माझा आक्षेप उशिराला आहे. 'पटले नाही तर वेगळे व्हा' हे स्वातंत्र्य पहिल्या दिवसापासून कागदावर होते. मग सात वर्षे का लागली? कारण कोडची प्रत घेता येते, पण नाव, वर्गणीचा पैसा आणि लोकांचा विश्वास यांची प्रत घेता येत नाही. या तिन्ही गोष्टी संघटनेकडे होत्या, आणि संघटनेच्या अंदाजपत्रकातून नव्या कामालाही पैसा जात होता. आपल्याच उत्तम माणसांना 'नाही' म्हणण्याची रीत तिच्या घटनेत कुठे बसवलेली नव्हती. जर्मनीत फेराईन नोंदवायला किमान सात सभासद लागतात हे आपल्याला ठाऊक असते; त्या सातांत न मिटणारा वाद झाला तर काय, हे झाट्सुंगमध्ये लिहायला आपण सहसा विसरतो.

यावर काहींचे म्हणणे असे, की मग एकच कर्ता माणूस बरा. 'रेल्स' हे फ्रेमवर्क डेव्हिड हायनेमायर हॅन्सन यांच्या आवडीनिवडींवर वाढले, ते काय वाईट आहे? वाईट नाही, पण ज्याचे पोट त्यावर आहे, त्याने त्या एका माणसाच्या लहरीचा हिशेब ठेवावा लागतो. मला 'जँगो'ची वाट अधिक पटते. तिथे मूळ दोघा नेत्यांनी २०१४ च्या जानेवारीत आपले अंतिम निर्णयाचे अधिकार सोडले, आणि २०२० मध्ये गाभा-सदस्यांचा खास दर्जाही रद्द करून मोठ्या तांत्रिक निर्णयांसाठी निवडून आलेले छोटे मंडळ ठेवण्यात आले. वाद मिटवणारे कोण, हे वाद होण्याआधीच तिथे ठरलेले असते.

टायपो-थ्रीनेही फारकतीनंतर कारभार सुधारला, हे मान्य केले पाहिजे. २०१६ मध्ये संघटनेच्या मालकीची कंपनी ड्युसेलडॉर्फला निघाली. दर दीडेक वर्षाने दीर्घ मुदतीची आवृत्ती येते, तिला तीन वर्षे फुकट सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, आणि त्यापुढे जुन्या आवृत्तीवर राहायचे असेल तर पैसे मोजून राहता येते. नगरपालिकेच्या कारकुनाला तारीख कळते, हे त्याच्या दृष्टीने कुठल्याही देखण्या नकाशापेक्षा मोलाचे आहे. संघटनेच्या सभेत मात्र तो आजही क्वचितच बसलेला दिसेल; तिथे आवाज मुख्यतः त्याला संकेतस्थळ बांधून देणाऱ्या कंपन्यांचा, आणि त्यांचे व त्याचे हित दर वेळी एकच असेल असे नाही.

आणि फ्लुइड? न आलेल्या पाचव्या आवृत्तीसाठी घडवलेले ते साधन आज टायपो-थ्रीच्या घरातच नांदते आहे. निओसवाल्यांनी दरम्यान आपली पाने रचायला बव्हंशी 'फ्युजन' नावाची स्वतःची भाषा जवळ केली.