काडी, नळी आणि कचरा

1972 साली सुरू झालेल्या होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे सांगाडे घडवले. ‘कचऱ्यातून विज्ञान’ म्हणून त्यांचे होणारे कौतुक मला अपुरे वाटते. माझ्या शाळेत चंचुपात्र कपाटात आणि प्रयोग फळ्यावर असे. कचरा मात्र पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच हाती होता!

महाळुंगे पडवळला मुलांनी चौकोन जोडला. दाबताच तो कलला. त्रिकोण हलेना. “म्हणून छपराच्या कैचीला तिरपं लाकूड लागतं,” बिगाऱ्याची मुलगी म्हणाली. बापाच्या कष्टातले ज्ञान वर्गात बोलले. या सांगाड्यांचे मोल स्वस्ताईत नाही, इथे आहे. शिक्षकाने उत्तर आधीच सांगितले असते, तर ती गप्पच राहिली असती.

मग तिने विचारले, “सर, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या एका तबकडीत किती त्रिकोण असतील?”

मला सांगता आले नाही.